तळहातावरचा खजूर

बाब अल बहरीन या जुन्या वेशीमागच्या गल्लीत, यशोधरेच्या तळमजल्यावरील खिडकीसमोर, युसुफचाचांची हॉटडॉगची गाडी असे. रमजानात दिवसभर निर्जळी राहून ते सायंकाळच्या गिऱ्हाइकांसाठी सॉसेज भाजत. सूर्यास्ताला रोजा सोडण्याची तोफ झाली, की यशोधरा खिडकीतून त्यांच्या तळहातावर पहिला खजूर ठेवी. “भाभी, मेरा रोजा आपके हाथ में है,” ते हसत. आखाती युद्धानंतरच्या उन्हाळ्यात ते वारले. आज पुन्हा पहिला रोजा होता. “अगं, निदान पाणी तरी घे,” नवरा दुपारी म्हणाला, “आपल्यात कुठे असतो रोजा?” “संध्याकाळ होऊ दे,” ती एवढेच म्हणाली. तोफ झाली. खजूर घेतलेला तिचा हात सवयीने खिडकीबाहेर गेला. गाडीच्या जागी तेलाचा काळा डाग होता. कोणाचाच तळहात पुढे आला नाही. मग तिने हात आत घेतला आणि खजूर स्वतःच्या जिभेवर ठेवला.