व्हॅनची डावी बाजू

"बाबा, माझी किती बोटं दिसतायत?" हे विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. आमची शाळेची व्हॅन बाबाच चालवतात आणि काल डावीकडची स्कूटर त्यांनी अगदी शेवटच्या क्षणी चुकवली होती. फाटकाशी गाडी थांबल्यावर मी शेजारच्या सीटवरून ऐटीत तीन बोटं नाचवली. "समोर बघूनच सांगायचं हं, चीटिंग नाही."

"आधी हात वर तर कर," बाबा म्हणाले. मागे कुणीच हसलं नाही.

घरी आल्यावर मी फ्रिजमधली बाबांच्या काचबिंदूच्या थेंबांची बाटली काढली. उघडल्यावर महिन्याभरात संपायची ती चार महिन्यांनीही अर्धी होती. "डोळा दुखत नाही, मग रोज कशाला थेंब?" बाबा म्हणाले. गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी थेंब देतानाच बजावलं होतं. आई मटार सोलत राहिली.

मी बाटली कचऱ्यात टाकली. "उद्या नवी आणू. रोज थेंब मी घालणार. आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत व्हॅन दारातच राहील. मी सगळ्यांच्या घरी फोन केलेत."