कधीपासून, कधीपर्यंत

विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची स्मरणिका छापायला द्यायची होती, आणि प्रशिक्षकांचे परिचय लिहायचं काम क्रीडा विभागातल्या समरीनच्या गळ्यात पडलं होतं. नवे प्रशिक्षक त्र्यंबक सर सकाळीच माहितीचा फॉर्म ठेवून गेले होते. आधीचे दोन संघ, तिसरा आपला. आपल्या संघापुढे ‘कधीपर्यंत’च्या रकान्यात सरांनी आजचीच तारीख टाकली होती. सहीखालची तारीख चुकून वर पडली असणार, म्हणून समरीनने ती हसत खोडली आणि बाकीच्या तारखांच्या खात्रीसाठी सरांच्या पहिल्या, तिकोणा पेठेच्या संघाचं काम बघणाऱ्या आबांना फोन लावला.

“आबा, सरांनी तुमचा संघ बारा ऑगस्टला सोडला ना?”

“सोडला कुटं, बाई? त्या दिशी धरणात संघाची होडी उलटली. एकबी पोरगं वाचलं न्हाई. सरांच्या अंगात कणकण व्हती, म्हणून ते तेवढे घरी ऱ्हायले.”

तिने दुसऱ्या संघाकडे, कुरवंड्याला फोन केला. तिथेही रकान्यातल्या तारखेलाच संघाच्या गाडीवर दरड कोसळली होती. सर त्याही दिवशी घरीच होते.

समरीन धावत बाहेर आली. सामन्याला निघालेली बस फाटकातून वळत होती, आणि मागच्या खिडकीतून तिचा भाऊ आवेज, संघाचा गोलकीपर, तिला हात हलवत होता.

पायरीवर त्र्यंबक सर शाल पांघरून बसले होते.

“सर, तुम्ही नाही गेलात?”

“आज जरा कणकण आहे.”