सिंकमधलं गाजर

लेकीचं वजन वाढेना, म्हणून महिन्यापूर्वी सांभाळणाऱ्या बाईवर संशय घेऊन मी तिला काढलं आणि दादाकडे राहणाऱ्या आईला बोलावून घेतलं. ऑफिसातून रोज फोन केला की आई म्हणायची, "कुस्करलेलं गाजर वाटीभर खाल्लं गं तिने, उगाच जीव टांगणीला लावू नकोस."

तरी वजनाचा काटा तिथेच. उद्या डॉक्टर तिचं रक्त तपासणार होते.

आज सिंक तुंबलं. प्लंबरने खालचा पाइप सोडवला आणि बादलीत भदकन केशरी लगदा पडला.

"ताई, बाळाचं खाणं रोज इथेच ओतता की काय?"

मी वळून आईकडे पाहिलं. तिने लेकीला छातीशी घट्ट धरलं.



"ती खात नाही म्हटलं असतं, तर तू मलाही परत पाठवलं असतंस."