आईचा आरसा

साहेब, माझ्या आईचा आरसा तुम्ही फोडलात. हो, तुम्हीच, जुन्या वस्तू विकायचं ॲप चालवणारे.

आईने शिवणकाम बंद केलं म्हणून तिचा माणूसभर उंच आरसा मी तुमच्या ॲपवर विकायला काढला. ठळक अक्षरांत लिहिलं, 'काचेची वस्तू आहे, स्वतः येऊन घेऊन जावी.' एका बाईंनी तो घेतला आणि लगेच मेसेज टाकला, "दादा, कुरिअर करा ना. दोन चादरी गुंडाळल्या की काही होत नाही."

"ताई, आरसा आहे तो. थंडी वाजतेय का त्याला?" मी म्हटलं.

बाईंनी तुमच्याकडे तक्रार केली आणि तुम्ही मला दम भरलात: ग्राहकाला नाही म्हणाल तर खातं बंद.

"पाठव बाबा," आई म्हणाली. "पण जपून बांध. चाळीस वर्षं बायका त्याच्यासमोर उभ्या राहून माझ्या हातचे कपडे बघत आल्यात."

जपून बांधला. आठवड्याने खोकं परत आलं. आईने ते उघडलंसुद्धा नाही, नुसतं हलवून पाहिलं आणि आत निघून गेली.

काल तुमचं पत्र आलं. ग्राहकाचा शब्द खाली पडू दिला नाही म्हणून मी म्हणे या महिन्याचा 'आदर्श विक्रेता'!


खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, 'सन्मानचिन्ह काचेचं आहे, स्वतः येऊन घेऊन जावं.' साहेब, हीच ओळ मी लिहिली होती, तेव्हा तुम्हाला वाचता येत नव्हतं का? बोला.