हात न देता

"हात देऊ नकोस," वनजाबाई म्हणाल्या.

त्या हॉलमध्ये चटईवर होत्या, एक गुडघा उभा, एक जमिनीला टेकलेला. रम्यानं पुढे केलेला हात मागे घेतला. भिंतीला न धरता, कण्हत, सासूबाई अखेर उठल्या आणि खुर्चीत बसून दम खात हसल्या.

"जमतंय, अलवा? जमतंय ना?"

"जमतंय, अत्ते. निधान, सावकाश."

नवरा रक्षित वारल्यावर रम्या कितीतरी महिने घराबाहेर पडली नव्हती. मग एक दिवस तिनं पर्सनल ट्रेनरच्या कोर्सला नाव घातलं. लेक पावनी दुपारी झोपली की ती स्नायूंची नावं पाठ करायची. पोरगी मध्येच उठली तर दोघी मिळून पाठ करायच्या. पावनी आपल्या इवल्या पोटरीवर बोट ठेवून अर्धं नाव म्हणायची आणि उरलेलं गिळून टाकायची.

परीक्षेला प्रत्येकानं स्वतः तयार केलेला एक क्लायंट आणायचा होता. वर्गातल्या मुलांनी मित्र धरले. रम्या कोणाला विचारणार? वनजाबाईच म्हणाल्या, मला घे की. पावनी झाली तेव्हा बेट्टदपूरच्या डोंगरावर यायचं देवाला बोलले होते, ते राहिलंय. तेवढं चढव मला.

रम्यानं चढायचे व्यायाम आखले. पण दोन पायऱ्या झाल्या की वनजाबाई म्हणायच्या, हे राहू दे, तो जमिनीवरून उठायचा घे. मागे त्या न्हाणीत घसरल्या होत्या आणि रम्या भाजी घेऊन परत येईपर्यंत तशाच पडून होत्या. ती धास्ती अजून गेली नसेल, असं रम्याला वाटायचं. मग तीही तोच व्यायाम घ्यायची.

शेजारच्या कमलाक्षीबाई कुंपणापलीकडून सगळं बघायच्या. सासूला पैलवान करून दसऱ्याच्या कुस्त्यांना पाठवतेस की काय, असं एकदा त्यांनी विचारलं.

"आमच्या घरातले महाराजांच्या घोडदळात होते," वनजाबाईंनी आतूनच उत्तर दिलं. "आता घोडे उरले नाहीत, म्हणून मला पळवते."

मग त्या कुंपणाशी गेल्या आणि रम्या पास झाली की ह्याच हॉलमध्ये बायकांचा क्लास काढणार म्हणून सांगू लागल्या. दिवाण आतल्या खोलीत सरकवायचा, पंखा नवा लावायचा, सगळं ठरलं होतं. कमलाक्षीबाईंनी पहिलं नाव आपलं घालायला सांगितलं.

रम्या स्वयंपाकघरात ऐकत होती.

क्लास निघणार नव्हता. बेंगळूरला आईवडिलांच्या घराजवळ बायकांचं एक जिम होतं. पास झाली की तिथली ट्रेनरची जागा तिची. आईनं खोली रिकामी करून ठेवली होती, पावनीची शाळाही बघितली होती. फक्त अत्तेंना सांगायचं राहिलं होतं. सकाळच्या कॉफीला सांगू, असं ती रोज ठरवायची. कॉफी व्हायची, पेले धुवून व्हायचे. पावनीला तिनं बजावलं होतं, आज्जीला इतक्यात बोलायचं नाही.

सोबत न्यावं, तर सुनेच्या माहेरी सासू राहायला येते कुठे? एका सणाला नेलं होतं, तर पाहुण्यासारख्या खुर्चीच्या कडेला अंग चोरून बसल्या होत्या. आणि इथंच राहावं, तर दारामागच्या खिळ्याला रक्षितचं दुसरं हेल्मेट अजून लटकत होतं. ते काढायचं कोणी, हे दोघींनाही कळत नव्हतं.

परीक्षेच्या सकाळी वनजाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला. ओढणीला चार ठिकाणी पिना लावल्या. आज्जी टीचर झाली म्हणून पावनी टाळ्या वाजवत राहिली. तिला कमलाक्षीबाईंकडे सोडून दोघी रिक्षानं निघाल्या.

परीक्षक बाई बाहेरगावच्या होत्या, मोजकं बोलणाऱ्या. वनजाबाई चटईवर बसल्या, आडव्या झाल्या, कुशीवर वळल्या, गुडघा रोवला आणि उठून उभ्या राहिल्या. कोणालाही न धरता. मागे उभे असलेले कोर्सचे भुवन सर नकळत टाळी वाजवणार होते, थांबले.

परीक्षक बाईंनी रम्याला विचारलं, ध्येय डोंगर चढण्याचं, मग चढण्याची तयारी एवढी कमी का? रम्या गडबडली. क्लायंटचा कल तिकडे होता, एवढंच तिला म्हणता आलं. बाईंनी मान हलवली नाही. क्लायंटशी शेवटी एकांतात बोलायची पद्धत होती, म्हणून त्यांनी रम्याला आणि भुवन सरांना बाहेर जायला सांगितलं.

रम्या दाराबाहेर बाकावर बसली. आपण नापास झालो, असं तिला वाटलं, आणि क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं.

आत परीक्षक बाईंनी इंग्रजी सोडून कन्नडमध्ये विचारलं, "अम्मा, खरं सांगा. तुम्हाला हवं होतं ते हिनं शिकवलं का?"

"शिकवलं की. डोंगर मी उगीच सांगितला होता."

"मग काय हवं होतं?"

वनजाबाईंनी एकदा बंद दाराकडे पाहिलं.

"पडले तर माझं मला उठता यायला हवं होतं. ही पोरीला घेऊन माहेरी जाणार आहे. घरात मी एकटीच उरणार."

"तिनं सांगितलं तुम्हाला?"

"नातीनं सांगितलं, कोर्स लागला त्याच आठवड्यात. लहान पोर, तिच्या पोटात काय राहतंय." त्यांनी ओढणी सारखी केली आणि आवाज आणखी खाली आणला. "पास करा तिला, मॅडम. आणि हे बोलू नका. मला ठाऊक आहे असं कळलं, तर ती जायची नाही."