जाळायचा राहिलेला माऊस

ह्वे शहरातल्या दिएपआजींचा जुना कॉम्प्युटर मीच सांभाळतो. परवा दुपारी त्यांनी बोलावलं, तेव्हा पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता.

मी माऊसमधला गोळा पुसला. मग सगळी सिस्टीम पुसून नव्याने टाकली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू होताच बाण सरळ पत्त्यांच्या खेळाकडे निघाला.

"आजी, याची खोड काही जात नाही!"

"जाईल कशी, खोआ?" कमळाच्या बिया सोलता सोलता आजी म्हणाल्या. "कागदाचं जे जाळू ते गेलेल्या माणसाला पोचतं ना, म्हणून ह्यांच्या पुण्यतिथीला मी कागदाचा कॉम्प्युटर जाळला. तिकडे त्यांना पडदा मिळाला, कीबोर्ड मिळाला. माऊस तेवढा जाळायचा राहिला. मग येतात बिचारे इथला वापरायला."

मला हसू आलं. "मग एक कागदी माऊस आणतो. जाळून टाकू, कटकट संपेल."

"गप रे! मग ते येतील कशाला?"

मी चिडून माऊसची वायर उपटली. तरी बाण चालतच राहिला. त्याने लाल नव्वी उचलून काळ्या दश्शीवर ठेवली.

"पुढची राणी दिसत नाहीये त्यांना," आजी खुशीत म्हणाल्या.

मी त्या सुट्या माऊसवर हात दाबून धरला. तो उबदार लागला.

"अरे, हळू," आजी म्हणाल्या. "खाली त्यांचा हात आहे."

मी झटकन हात काढायला गेलो, तर खालून कुणीतरी माझी बोटं मायेनं धरून ठेवली.