उशाजवळचा माईक

"पंखा बंद करा. आणि कुणी हलू नका," सून म्हणाली. सासूबाईंनी तर श्वासच रोखून धरला.

सासऱ्यांच्या उशाजवळ तिने माईक उभा केला. ती एका स्टुडिओत यंत्रं दुरुस्त करायची. तिथं भंगारात निघालेला हा माईक तिने मागून आणला होता. आठवडाभर तो जेवणाच्या टेबलावर उघडा पडला होता. आवाज टिपणारी चकती तिने बदलली. तरी घरघर राहिली, तेव्हा आतून तांब्याचा पातळ पत्रा गुंडाळला.

"त्यापेक्षा नवा का नाही आणत?" नवऱ्याने विचारलं होतं.

"नवे माईक बोलणाऱ्यांसाठी असतात. बाबांचा नुसता वारा येतो."

एके काळी या माणसाने "अरे!" म्हटलं की गल्लीच्या टोकाची सायकल थांबायची. अर्धांगवायूने तो आवाज नेला. ओठ तेवढे हलायचे. सून खोलीत आली की ते काहीतरी पुटपुटायचे, रोज तेच. ती पाणी आणायची. ते मान हलवायचे. मग पांघरूण, चष्मा, वर्तमानपत्र. सगळ्यालाच नकार. शेवटी डोळे मिटून घ्यायचे.

"पहिल्यापासून तसेच आहेत," सासूबाई म्हणायच्या. "काही पसंत पडेल तर शपथ!"

सून हसायची, पण मनात सलायचं. लग्नानंतर तिने नोकरी सोडावी असं जो तो सुचवत होता, तेव्हा "यंत्रं बरी करणारी सून आणखी कुणाकडे आहे, सांगा!" असं ठणकावणारे हेच होते. त्या माणसाचं एक वाक्य आपल्याला कळू नये?

तिने हेडफोन कानाला लावले. "बोला, बाबा."

आधी नुसतं सूं सूं. मग श्वास. मग जीभ टाळूला लागल्याची टक. आणि त्यामागून, अगदी बारीक, शब्द.

"परत बोला," ती म्हणाली. ते परत बोलले. तिने हेडफोन काढले, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"काय हवंय गं त्यांना?" सासूबाईंनी पाण्याचा पेला उचललासुद्धा.

सुनेने तो त्यांच्या हातातून घेऊन खाली ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती त्या पलंगाच्या कडेवर टेकली.

"म्हणतायत, 'बस ना गं पोरी जरा. दमलीस.'"